सुक्याबरोबर ओलंही

2021 च्या नोव्हेंबरमध्ये एक व्हिडिओ फिरत होता, आठवतोय? लंडनचं महागडं हॉटेल, सोन्याचा वर्ख लावलेला स्टेक आणि शेफ स्वतःच्या हाताने एका पाहुण्याला घास भरवतोय. घास खाणारे होते व्हिएतनामचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री टो लाम, म्हणजे देशातले सगळे पोलीस ज्यांच्या हाताखाली ते. त्याच दौऱ्यात साहेब कार्ल मार्क्सच्या थडग्यावर फुलं वाहून आले होते, आता काय बोलायचं!

इकडे दा नांग शहरातल्या एका नूडल्सवाल्याने त्या शेफची नक्कल केली, तो मीठ भुरभुरवतो त्याच स्टाईलमध्ये हात वाकवून वाडग्यात कांद्याची पात भुरभुरवली. त्याच्याकडे नंतर येते.

तेव्हा तिथे भ्रष्टाचारविरोधी मोहीम अगदी जोरात होती, तिचं नावच 'धगधगती भट्टी'. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे तिथली सगळ्यात वरची खुर्ची, न्गुएन फू ट्राँग 2017 मध्ये म्हणाले होते की भट्टी तापली की ओलं लाकूडसुद्धा जळतं. आपण सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतो ते बिचाऱ्या ओल्याची कीव करत, यांनी तेच चक्क दम म्हणून वापरलं.

आणि जळले पण हो. पॉलिटब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या समितीतून, काढलेला दिन्ह ला थांग 2018 मध्ये 13 वर्षांसाठी आत गेला. कोविडमध्ये परदेशात अडकलेल्या आपल्याच लोकांना आणणाऱ्या विमानांच्या परवानग्यांवर साहेबलोकांनी पैसे खाल्ले, त्या केसमध्ये 54 आरोपी, आणि त्यांच्याबद्दल मला काडीची दया नाही. पण धसका एवढा बसला की फाईलवर सही करायला कुणी तयार होईना, 2022 मध्ये सरकारी हॉस्पिटलांत औषधांचा तुटवडा पडला त्याचं एक कारण हेच, खरेदीच्या कागदावर आपलं नाव नको बाबा!

मग वरच्या खुर्च्या हलायला लागल्या. जानेवारी 2023 ला राष्ट्राध्यक्ष फुक खुर्चीवरून गेले, मार्च 2024 ला त्यांच्या जागी आलेले थुओंग गेले, पुढच्याच महिन्यात संसदेचे अध्यक्ष. थुओंग यांनी नेमकं काय केलं ते लोकांना कळलंच नाही, पक्षाचे नियम मोडले एवढंच छापून आलं. पक्ष एकच, पेपर त्याचे, कोर्ट त्याचं, विचारणार कोण? आणि या मोठ्या केसेसचा तपास करायचं कुणाचं खातं, तर टो लाम यांचं. भट्टी ट्राँगनी पेटवली पण लाकडं आणून टाकणारा हात हा.

तर तो नूडल्सवाला. व्हिडिओनंतर पोलिसांनी बोलावून घेतलं, 2022 मध्ये अटक, मे 2023 मध्ये साडेपाच वर्षं. आरोप सरकारविरोधी प्रचाराचा, पातीचा नाही, निदान कागदावर तरी. त्याला एक वर्ष होतंय तोवर, मे 2024 मध्ये, टो लाम राष्ट्राध्यक्ष झाले. जुलैत ट्राँग वारले आणि ऑगस्टमध्ये सरचिटणीसाची खुर्चीही यांच्याचकडे आली.