क्षारपड रानातला पुरावा गोळा करताना: प्राध्यापकांच्या पुरस्कार-प्रस्तावाचा माझा अनुभव

वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यातली कृष्णाकाठची काळी राने क्षारपड होणे काही नवे नाही. अशा रानांत सच्छिद्र पाइपची भूमिगत निचरा पद्धत बसवायला कृषी विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांनी गावोगाव मार्गदर्शन केले. त्यांच्या नावाचा प्रस्ताव आमच्या शेतकरी गटाने एका राज्यस्तरीय पुरस्कारासाठी पाठवला आणि कागद जमवायचे काम माझ्याकडे आले. पुरस्कार 'प्रत्यक्ष शेतीतील योगदाना'चा. अर्जाच्या नमुन्यात मात्र शोधनिबंध, नियतकालिकांचे नास गुणांकन (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने नियतकालिकांना दिलेले गुण), चर्चासत्रे यांना पानेच्या पाने, आणि शेतात काय घडले यासाठी शेवटी 'इतर माहिती' हा एवढासा रकाना. सगळी मेहनत त्या रकान्यासाठी.

सुरुवात त्या तंत्राच्या अधिकृत शिफारशीपासून करावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची बैठक होते, तिला सगळे जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात. तिथे मंजूर झालेल्या शिफारशीचे वर्ष आणि मूळ मजकूर जोडला की 'हे सरांचे वैयक्तिक मत' असा आक्षेप उरत नाही. पण शिफारस एकट्याची नसते. रानाची लेव्हल (चढउताराचे मोजमाप) एकाने घेतलेली, माती दुसऱ्याने तपासलेली, आणि बदल्यांमुळे प्रयोग सुरू करणारा वेगळा, संपवणारा वेगळा. म्हणून केंद्रप्रमुखांकडून कालावधीसह भूमिकेचा दाखला घ्यावा: पाइपांमधले अंतर कोणी ठरवले, आखणी कोणी केली, शेतकऱ्यांना शिकवले कोणी. सहकाऱ्यांची नावे प्रस्तावात आपणहून लिहावीत. ती लपवलेली नंतर उघड झाली की पूर्ण प्रस्तावच संशयात जातो.

खरा घोळ माती परीक्षणात असतो. क्षारयुक्त जमिनीची व्याख्या विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू (पीएच) ८.५ पेक्षा कमी अशी आहे. पण ही ४ ची मर्यादा संपृक्त अर्कासाठीची, म्हणजे माती पाण्याने जेमतेम पूर्ण भिजवून काढलेल्या अर्कासाठीची आहे. बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती, अडीच भाग पाणी अशा द्रावणात वाहकता मोजतात. त्यात पाणी जास्त असल्याने त्याच मातीचा आकडा बराच कमी येतो. निचऱ्याआधीचा अहवाल एका पद्धतीचा आणि नंतरचा दुसऱ्या, असे असेल तर जमीन कागदावरच सुधारते. अहवालावर पद्धत लिहून घ्या, शक्यतो प्रयोगशाळाही तीच ठेवा.

महिन्याचेही तसेच. मे महिन्यात पाणी वर ओढले जाऊन क्षार पृष्ठभागावर साठतात, पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात. आधीचा नमुना मेमधला आणि नंतरचा ऑक्टोबरमधला घेतला तर पाइप न टाकलेल्या रानातही फरक दिसेल. दोन्ही नमुने मेमधलेच हवेत, आणि ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटिमीटर असे थरानुसार वेगळे. शेजारच्या निचरा नसलेल्या रानातले नमुनेही त्याच दिवशी घ्यावेत. 'आधी'चा अहवालच नसेल तर त्या शेतकऱ्याचे रान कितीही चांगले दिसो, पुरावा म्हणून ते सोडून द्यावे.

चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, रानांची यादी वेगळी ठेवावी. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही. तिथे जिप्समही लागते. अशा ठिकाणचे यश एकट्या पाइपच्या खात्यावर मांडले तर समितीतला मृदाशास्त्रज्ञ पहिल्याच पानावर अडवणार.

उत्पादनाचा पुरावा उसात तुलनेने सोपा, कारण काट्यावर वजन होते. सातबाऱ्यावर पीक आणि क्षेत्र असते, जात नसते. कारखान्याच्या ऊस नोंदीत गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख सगळे मिळते. त्यावर वजनपावत्या जुळवायच्या. इथे तीन ठिकाणी आकडा फसतो. थोडा ऊस बेण्याला, गुऱ्हाळाला किंवा दुसऱ्या कारखान्याला गेला की टनेज कमी दिसते. नोंदीतले क्षेत्र अंदाजाचे असले की एकरी उतारा फुगतो किंवा घटतो, म्हणून गुंठे मोजून घ्यावेत. आणि आडसाली लागणीची तुलना सुरू लागणीशी करायची नाही: एक १६ ते १८ महिने रानात उभी, दुसरी साधारण १२. पुष्कळांनी निचऱ्याबरोबरच फुले २६५ लावलेला असतो, आणि हा वाण क्षारपड जमिनीत मुळातच तग धरतो. तिथे 'निचरा आणि वाण मिळून' असेच लिहावे. आकडा तेवढाच राहतो, दावा टिकतो.

शेतकऱ्यांची पत्रे हा सगळ्यात कच्चा दुवा. एकाच संगणकावर टाइप केलेली, 'सरांमुळे शेतीचे सोने झाले' छापाची पत्रे कोणी वाचत नाही. पत्र शेतकऱ्याच्याच अक्षरात असावे. त्यात गट नंबर, गुंठे, पाइप टाकल्याचा महिना, आधी कोणते पीक जात होते, नंतर कोणते, खर्च कोणी केला आणि काय बिघडले हेही यावे. पाइपात गाळ भरला, ओढ्याच्या तोंडाशी झाडी माजून पाणी तुंबले, शेजाऱ्याने बांधावरून पाइप न्यायला हरकत घेतली, अशा नोंदींनी पत्राला वजन येते. सर महाविद्यालयात शिकवत असतील तर रावेच्या, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या, विद्यार्थ्यांच्या दैनंदिन्या मागाव्यात. तारखेनिशी लिहिलेले इतके चांगले कागद दुसरीकडे क्वचित सापडतात.

कार्यालयीन भाग कंटाळवाणा. प्रस्ताव विद्यापीठामार्फत योग्य मार्गाने जावा लागतो, ना हरकत आणि विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला लागतो, पुरस्कारात रोख रक्कम असेल तर परवानगीचे आधीच विचारून घ्यावे. फाइल टेबलांवरून फिरते, तेव्हा हे अर्ज माती-उत्पादनाचे कागद पूर्ण होण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच टाकावेत.

समिती पाहणीला येणार असेल तर भरात आलेल्या उसापेक्षा मुख्य पाइप ओढ्यात जिथे सुटतो ते तोंड आधी दाखवावे. वाहकता मोजायचा खिशातला मीटर जवळ ठेवावा: पाइपातून येणारे पाणी आणि पाटातले पाणी दोन भांड्यांत घेऊन मोजले की क्षार बाहेर पडताहेत हे तिथेच कळते. उन्हाळ्यात पाहणी झाली आणि भूजल खाली गेलेले असले तर पाइप कोरडा असतो. म्हणून पावसाळ्यात आणि पाणी दिल्यानंतर बादली-घड्याळाने मोजलेल्या विसर्गाची, तारीख आणि वाहकता लिहिलेली वही शेतकऱ्याकडे तयार असावी.