दिवसाचे कुरण आणि रात्रीचे गोदाम : एअर रायफलच्या कॅलिबरची निवड

शेतमालकाची लेखी परवानगी हाती होती आणि कामही ठरलेले होते: दिवसा कुरणाच्या कडेने कोवळे पीक खाणारे ससे आणि रात्री धान्याच्या गोदामातले उंदीर. आम्ही दोघेच होतो. सोबत ४.५ आणि ५.५ मिलिमीटर कॅलिबरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, दोन रायफली होत्या. दोन्ही आधी हवा भरून ठेवण्याच्या, म्हणजे पीसीपी प्रकारच्या आणि जवळपास सारख्या, सुमारे १६ ज्यूल (नळीतून निघणाऱ्या छऱ्याची ऊर्जा) ताकदीच्या. ताकद सारखी असल्यामुळे जो फरक दिसला तो कॅलिबरचाच होता, आणि म्हणूनच हा वृत्तांत लिहावासा वाटला. शिकारीचे, रात्रीच्या दिव्यांचे आणि रायफलच्या ताकदीचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, कित्येक ठिकाणी ससा संरक्षित आहे. त्यामुळे पुढचे सारे जिथे कायदा मुभा देतो तिथल्यापुरतेच वाचावे.

दुपारी आधी नेम तपासून घेतला. दोन्ही रायफली २५ मीटरवर झीरो केल्या होत्या, म्हणजे तेवढ्या अंतरावर छरा बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवली होती. १६ ज्यूलमध्ये ४.५ मिलिमीटरचा साधारण ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघतो, तर ५.५ मिलिमीटरचा एक ग्रॅमच्या आसपासचा छर्रा १७५ मीटरने. ४० मीटरवर पहिला नेमाच्या पाचेक सेंटिमीटर खाली लागतो, दुसरा जवळपास त्याच्या दुप्पट खाली. सशाच्या डोक्यातील मर्माची जागा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची असते. म्हणजे ५.५ हाती असताना अंतराचा अंदाज चार-पाच मीटरने चुकला, तरी लांबच्या टप्प्यावर जनावर जखमी होऊन बिळात जाण्याची शक्यता खरी असते.

कुरणात ससे कुठे उठतील ते सांगता येत नाही. एक १५ मीटरवर बसलेला असतो, तर दुसरा ३५ मीटरवर. अशा फिरत्या शिकारीत सपाट मार्गाच्या ४.५ ने अंतराच्या चुका बऱ्याच पोटात घातल्या. लेझरचा अंतरमापक जवळ होता, पण ससा कान टवकारून उभा राहिला की मापक काढायला उसंत मिळत नाही. वाऱ्याबाबत मात्र दोन्ही छऱ्यांमध्ये चर्चेत सांगितला जातो तेवढा मोठा फरक जाणवला नाही. झुळूक आडवी असेल तर दोन्ही वाहतात, आणि तेव्हा जवळ सरकणे हाच उपाय.

‘लहान छरा सशाला पुरत नाही’ हे मत आम्ही बरेच ऐकले आहे. डोक्यात नेमका लागला तर ४.५ पुरतो; नेमका न लागला तर ५.५ देखील पुरत नाही. मोठा कॅलिबर म्हणजे कच्च्या नेमाची भरपाई, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते.

अंधार पडल्यावर हिशेब उलटतो, पण सगळीकडे नाही. रात्री म्हणजे ५.५ हा जो सरसकट सल्ला दिला जातो तो गोदामात खरा ठरतो, उघड्या रानात नाही. अंगाच्या उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणीत ससा लखलखीत दिसतो, पण तो २० मीटरवर आहे की ४५ वर, हे त्या पांढऱ्या ठिपक्यावरून कळत नाही, कारण आजूबाजूचे झाड, बांध, सावली असे डोळ्याला आधार देणारे काहीच उरत नाही. शिवाय मधली गवताची काडी मागच्या जमिनीइतक्याच तापमानाची असेल तर ती दिसतच नाही आणि छरा तिला लागून भरकटतो. इन्फ्रारेड दिव्याच्या नाइट व्हिजनमध्ये उलट तीच काडी चकाकून मागचे सारे झाकते. म्हणून उघड्यावर रात्रीही आम्ही ४.५ च ठेवली, आणि जिथले अंतर उजेडात मोजून खुणेला दगड ठेवले होते तेवढ्याच जागी घोडा दाबला. पाठीमागे मातीचा चढ नसेल तर रात्री झाडूच नये. छरा कुठे जाऊन थांबला हे पाहायला उजेड नसतो.

गोदामात अंतरे ठरलेली होती: पोत्यांच्या थप्पीपासून दारापर्यंत ६ ते १५ मीटर. इथे मार्गाचा सपाटपणा निरुपयोगी आणि ५.५ चा जड, संथ छरा सोयीचा ठरला. तो आपली ताकद उंदराच्या अंगातच बऱ्याच अंशी खर्च करतो, आरपार निघून पत्र्यावर आदळण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. गारठलेल्या बोटांना अंधारात तो चाचपता येतो, ही गोष्ट कागदावर क्षुल्लक वाटली तरी तिथे मोठी असते. ज्यांच्याकडे मॅगझिन नाही, एकेक छरा भरावा लागतो, त्यांनी ती विशेष ध्यानात घ्यावी. एक काळजी मात्र दोन्हींत सारखीच: दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असल्याने पाच मीटरवर छरा नेमाच्या सुमारे दोन सेंटिमीटर खाली लागतो, आणि नाइट व्हिजन उंच बसवले तर आणखी खाली. गोदामाचा झीरो १२ ते १५ मीटरवर वेगळा घ्यावा आणि अगदी जवळच्या अंतरासाठी कागदावर छरे मारून किती वर धरायचे ते लिहून ठेवावे.

६.३५ मिलिमीटरच्या कॅलिबरचा विचार आम्ही केला होता. १६ ज्यूलमध्ये तो छरा सेकंदाला १४० मीटरच्या घरात जातो आणि ४० मीटरवर इतका खाली येतो की वापरणे म्हणजे अंदाजांचा खेळ. कायद्याने ४०-५० ज्यूलची मुभा असेल तर त्याचे गणित पूर्ण बदलते.

एकच रायफल घ्यायची असेल तर आपली जास्त झाडणी मोजलेल्या अंतरावर होते की न मोजलेल्या, एवढे पाहून ठरवावे: मोजलेल्यावर असेल तर ५.५, नाहीतर ४.५. मग निरनिराळ्या वजनांचे आणि शिरोव्यासांचे (छऱ्याच्या डोक्याच्या व्यासांचे) छरे थोडे थोडे घेऊन आपल्या नळीला कोणता मानवतो ते तपासावे; ४.५१ आणि ४.५२ मिलिमीटर यांतही एखादी नळी फरक करते.

मेलेले उंदीर रात्रीच गोळा करून खोल पुरावेत. घुबडे आणि मांजरे ते उचलतात, आणि अंगातले शिसे त्यांच्या पोटात जाते.