यादी हातात असूनही

“कोण कॉलेज सोडणार हे तुमच्या मॉडेलला आधीच कळतं, मग तुम्ही थांबवत का नाही?” प्राध्यापक विचारतात, पालक विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मॉडेल म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधणारा संगणकी हिशोब; कॉलेज सोडण्याचा धोका ज्यांना जास्त वाटतो, त्यांची यादी त्यातून निघते. त्याला कळत नाही. शक्यता कळते. आणि अचूकतेचा आकडा मागूच नका. 100 मधले 10 जण जाणार असतील, तर “कुणीच जाणार नाही” म्हणणारं मॉडेलही 90 टक्के अचूक ठरतं. त्या 10 जणांपैकी एकही त्याला सापडलेला नसतो. मी पाहते ते हे, की जाणाऱ्यांपैकी किती जण यादीत आले आणि यादीतले खरोखर किती गेले. एक सुधारायला जावं तर दुसरं बहुधा बिघडतं.

एका वर्षी यादीत एक मुलगी होती. यादी फक्त समुपदेशकांसाठी होती, पण तिच्या वर्गशिक्षकांनी काळजीपोटी तिला सांगून टाकलं. ती थेट माझ्याकडे आली. “मॅडम, माझं काय चुकलं?” मी तिची नोंद उघडली. फी उशिरा भरलेली, ग्रंथालयातून एकही पुस्तक नेलेलं नाही, पोर्टलवर लॉगिन जेमतेम. ती म्हणाली, “पुस्तकं मैत्रिणीची वापरते. पोर्टलही तिच्याच फोनवर बघतो आम्ही.” मी म्हणाले, हा नुसता अंदाज आहे, मनावर घेऊ नकोस. ती मान हलवून निघून गेली. पुढच्या सत्रात आली नाही. वर्षअखेरीच्या पडताळणीत तिची ओळ ‘बरोबर अंदाज’ या रकान्यात पडली, आणि पुढच्या वर्षीचं मॉडेल तिच्या नोंदीवरही शिकलं.

यादीमुळे गेली का? तिच्या घरचंही काही कारण असेल. असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे.

तेव्हा मी, विद्यार्थी कॉलेज का सोडतात यावरचं अमेरिकी अभ्यासक विन्सेंट टिंटो यांचं 1975 चं सैद्धांतिक मॉडेल छातीठोकपणे सांगायचे: अभ्यासात आणि कॉलेजातल्या माणसांत रुजलेला विद्यार्थी टिकतो. पण मैत्रिणीसोबत एकाच पुस्तकावर अभ्यास करणारी ती रुजलेलीच होती की! माझ्या रकान्यांना ते दिसलं नाही.

आता ‘जाईल की नाही’ यापेक्षा ‘कोणत्या आठवड्यात धोका वाढतो’ हे मी अतिजीविता विश्लेषणाने (survival analysis, म्हणजे एखादी घटना केव्हा घडते हे तपासणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) पाहते. नावापुढे कारणही लिहिते. सहकारी म्हणतात, यादीच बंद करा. यादी नव्हती तेव्हाही मुलं जातच होती, फक्त कुणी विचारत नव्हतं. हा माझा बचाव आहे, मान्य. यंदा अडले आहे ते ‘फी उशिरा’ या रकान्यावर. ठेवला तर गरिबीवरच शिक्का बसतो. काढला तर ज्यांना वेळेत आर्थिक मदत देता आली असती, नेमके तेच निसटतात.