पुट्टीखालचा पत्रा

जुन्या गाडीचे काम स्वस्तात करून द्या, ही मागणी मला कधीच गैर वाटलेली नाही. वीस वर्षे वापरलेली मारुती 800 सगळीच्या सगळी खरवडून नव्याने रंगवायची म्हटले, तर तो खर्च आणि गाडीची बाजारातली किंमत यांत फारसा फरक उरत नाही, आणि एवढा पैसा ज्याच्याकडे असतो तो बहुधा दुसरी गाडी घेतो. त्यामुळे माझ्या गॅरेजात येणारा माणूस हिशेब करूनच आलेला असतो. प्रश्न असतो तो हा, की स्वस्त नेमके काय करायचे. निवृत्त शिक्षक असलेल्या एका गुरुजींच्या गाडीने हा प्रश्न माझ्यासमोर असा उभा केला, की गाडी देऊन झाली तरी तो डोक्यातून गेलेला नाही.

गाडी 2003 ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून सहाशेवरून थेट पाच हजार रुपये झाले होते आणि पर्यावरण कर त्याशिवाय भरावा लागतो. गुरुजींचे दुसऱ्यांदा नूतनीकरण होते. सरकारी रक्कम बाजूला ठेवल्यावर जे उरले होते तेवढ्यात त्यांना दारांवरचे पोचे काढायचे होते, बॉनेटवरचे गंजाचे फोड घालवायचे होते आणि गाडीला चकाकी हवी होती. "अहो, वरून नीट दिसली आणि पासिंग झाले की माझे काम झाले," असे ते म्हणाले. ड्रायव्हरच्या बाजूचे रनिंग बोर्ड, म्हणजे दाराखालचा दोन चाकांमधला पत्र्याचा पोकळ पट्टा, गुळगुळीत होते, त्यावरचा रंगही ताजा होता. एवढ्या जुन्या गाडीचा सर्वांत खालचा, चिखल खाणारा भाग सर्वांत नवा दिसावा, याचाच मला संशय आला.

कोकण किनाऱ्यावर गंज शोधणे घाटावरच्यापेक्षा अवघड असते. खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने तो लवकर लागतो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण आमची लाल माती आणि गंज यांचा रंग जवळजवळ एकच असतो, हे बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. ही माती मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत आणि रनिंग बोर्डाच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेल्या भोकांत घट्ट बसते, भोके बुजतात, पाणी आत साठून राहते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून मी आधी खालचा भाग धुऊन घेतो, मग चुंबक फिरवतो, आणि नारळ वाजवून पारखावा तसा हातोडीच्या टोकाने पत्रा वाजवून पाहतो. या बोर्डाच्या मागच्या अर्ध्या भागावर चुंबक चिकटलाच नाही. पेचकस टेकवून हलकेच दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

गुरुजींना विचारून तो भाग फोडला. रंगाखाली बोटभर जाडीची पुट्टी होती, तिच्याखाली फायबरची जाळी आणि रेझिन, आणि त्या सगळ्याला आधार म्हणून आत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले होते. पॉलिएस्टर पुट्टीचे काम पत्र्यातला दोन-तीन मिलिमीटरचा खळगा सपाट करण्याचे आहे, आणि ती पाणी शोषते. त्या बोळ्यांनी काही पावसाळ्यांचे पाणी धरून ठेवले होते. आतल्या पत्र्याचे पापुद्रे हाताने निघत होते. जॅक लावायची जागा नावापुरती उरली होती, आणि मधल्या पिलरचा पाया, जिथे सीट बेल्टचा खालचा बोल्ट आवळलेला असतो, तिथपर्यंत गंज पोहोचला होता.

हे काम कोणी केले ते गुरुजींना ठाऊक होते आणि त्यांनी त्यासाठी पूर्ण पैसे मोजले होते. त्या कारागिराच्या हाताला सफाई आहे, हे मला मान्य करावे लागेल, आणि म्हणूनच मला त्याचा अधिक राग येतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, पेटीसारखा जोडलेला पत्राच सगळा भार वाहतो, आणि पुढची व मागची चाके एका रेषेत धरून ठेवण्यात दोन्ही रनिंग बोर्डांचा मोठा वाटा असतो. दारावर पुट्टी जाड झाली तर फार तर ती उद्या तडकेल. रनिंग बोर्डात कागद भरणे म्हणजे आत बसणाऱ्या माणसाला फसवणे आहे, आणि याला मी स्वस्त काम म्हणत नाही.

मी गुरुजींसमोर हिशेब मांडला. जेवढे पैसे आहेत तेवढे सगळे खालच्या पत्र्यावर घालू. पोच्यांना हात लावायचा नाही, कारण ज्या पोच्यावरचा रंग फुटलेला नाही तिथे गंज लागत नाही आणि तो दिसण्यापलीकडे कसलेही नुकसान करत नाही. बॉनेटवरचे फोड तुम्हीच घासा. आमच्या धंद्यात सामानापेक्षा मजुरी जास्त असते, आणि मजुरीतला सर्वांत मोठा भाग पेपर मारण्याचा, म्हणजे खरखरीत कागदाने घासण्याचा असतो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी बाह्या सरसावल्या. 80 नंबरच्या पेपरने फोड उघड्या पत्र्यापर्यंत नेणे, त्याच्या आतल्या काळ्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावणे, ते पूर्ण वाळू देणे, 220 ने कडा उतरवणे आणि मग इपॉक्सी प्रायमर, एवढे त्यांना एकदा दाखवले. पुढे त्यांनी जे केले ते माझ्याकडची तरुण मुले घाईत करत नाहीत. ठिपका उरला असेल तर ते पुन्हा घासत होते.

रनिंग बोर्डाचे काम मी दुसऱ्या कोणाकडे सोपवले नाही. गाडी जॅकवर उचलून बोर्ड कापले की बॉडी मध्ये लवते, आणि नवा पत्रा त्याच लवलेल्या स्थितीत जोडला गेला की दार पुन्हा कधी नीट लागत नाही. म्हणून बॅटरी सोडवून, आतला गालिचा काढून, पाण्याची बादली आणि ओली गोणपाटे जवळ ठेवून गाडी चाकांवरच उभी केली, चाकांखाली लाकडी ठोकळे दिले आणि दाराच्या चौकटीत लोखंडी नळी आडवी टाकून ती वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्की केली. कापण्याचा नियम एकच आहे, की ग्राइंडरला चकचकीत, जाड पत्रा लागेपर्यंत मागे हटायचे, कारण कुजक्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, भोक फक्त मोठे होत जाते. या मॉडेलचे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले असले तरी रनिंग बोर्डाचा तयार पत्रा अजून बाजारात मिळतो. आतला भाग मात्र 20 गेजच्या पत्र्यातून ठोकून बनवला.

आमच्या भागात अजूनही पुष्कळ कारागीर गॅसवर पत्रा जोडतात. गॅसची आच दूरवर पसरते, पातळ पत्रा वाकतो आणि मागच्या बाजूचे संरक्षण जळून जाते, मग गंज बरोबर जोडाच्या मागे सुरू होतो. मी सीओटू वेल्डिंगने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने केलेल्या विजेच्या वेल्डिंगने, एका टोकाला एक टाका, मग दुसऱ्या टोकाला एक, असे अंतर ठेवून, मध्ये पत्रा निवू देत गेलो. जिथे कारखान्यात स्पॉट वेल्डिंग झालेले असते तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डिंगने भरून घेतली. दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या जागी आधीच जस्ताचे प्रायमर मारले, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. निचऱ्याची भोके मोकळी ठेवली आणि पोकळीत नळी घालून मेणयुक्त अँटिरस्ट फवारले. जळके इंजिन ऑइल ओतायचा सल्ला पुष्कळजण देतात, पण ते ठिबकून जाते, रबर खराब करते आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर आग लागण्याची भीती ठेवते. शेवटी दोन्ही बाजूंना दाराच्या खालच्या कडेपर्यंत काळे खरखरीत कोटिंग मारले. त्यामुळे जोड झाकले गेले, रंग जुळवण्याचा खर्च वाचला आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. नळी काढली तेव्हा दार एका बोटाने लागले, आणि त्या क्षणाचा मला अभिमान आहे.

पासिंग झाले. तपासणीत दिवे, ब्रेक, हॉर्न, नंबर आणि धुराचे प्रमाणपत्र पाहिले गेले. रनिंग बोर्ड वाजवून पाहण्याची पद्धत मी कुठे पाहिलेली नाही. म्हणजे कागदाचे बोळे असलेली गाडीही उत्तीर्ण झाली असती, आणि अधिक चकाकती दिसली असती. माझ्या धंद्यातल्या प्रामाणिक कामाला बाहेरून पडताळणारे कोणीच नाही, हे मला नेहमी खुपते. त्या कामानंतर मी गॅरेजात नियम केला आहे, की प्रायमर मारण्यापूर्वी उघड्या पत्र्याचे फोटो काढून ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवायचे.

माझ्या मनात घोळते आहे ती डावी बाजू. तिथला पत्रा वाजवल्यावर बद्द बोलतो, पण पेचकस आत जात नाही. गंज आतून सुरू झालेला आहे. ती बाजूही कापायला हवी होती, तेवढे पैसे नव्हते, म्हणून आतून धुऊन, वाळवून, कन्व्हर्टर आणि मेण मारून मी ती बंद केली. तिथे जॅक लावायचा नाही, असे गुरुजींना बजावले आणि बिलावरही लिहून दिले. उधारीवर ते काम करून टाकावे असे मला वाटले होते, त्यांनी उधारी नको म्हटले. मेण किती दिवस गंज रोखून धरील ते पत्रा आतून किती झिजला आहे यावर ठरेल, आणि ते कापल्याशिवाय कळत नाही. पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात गाडी पुन्हा दाखवायला त्यांना सांगितले आहे. त्या बाजूचा तयार पत्रा मी आणून ठेवला आहे.