तुम्ही विचारलंत म्हणून: बाळंतपणात दूध-तूप का सोडलं?

बारशाला, फोनवर, परवा खानापूरच्या लग्नात पंगतीतसुद्धा तेच: "अंगावरचं बाळ, आणि दूध-तूप सोडलंस?" एकदाच नीट सांगते.

बाळाच्या शीमध्ये शेंबडासारखा चिकटा आणि रक्ताचे धागे दिसायचे. वजन वाढत होतं, हसत होता, तरी रक्त. तुम्ही म्हणालात, आळीव उष्ण पडले. डॉक्टर म्हणाले, गाईच्या दुधातलं प्रथिन आईच्या दुधातून थोडं उतरतं आणि काही बाळांच्या आतड्याला ते सोसत नाही. "मग म्हशीचं घे." त्यातली प्रथिनं जवळपास तशीच. "मग वरचं दे." डब्यातली साधी पावडरही गाईच्याच दुधाची! आणि हे दूध न पचणं नव्हे. दुधातली साखर माझ्या दुधात असणारच, मी काहीही खाल्लं तरी.

चहा कोरा झाला. दही, खव्याचा कुंदा, तूप बंद. कढवलेल्या तुपातही दुधाचा अंश राहतो, म्हणून सासूबाईंनी डिंक शेंगतेलात तळून लाडू पुन्हा वळले. हे कुणी विचारत नाही.

दोन ते चार आठवडे थांबा, असं सांगितलं होतं. तेवढ्यात शी स्वच्छ झाली. मग डॉक्टर म्हणाले, आता दूध पुन्हा घेऊन बघा, नाहीतर दुधामुळंच होतं की आपोआप थांबलं, कळायचं कसं? मला राग आला. बरं झालेल्या लेकराला मुद्दाम दुखवायचं? सासूबाईंनी दह्याची वाटी पुढं ठेवली, वर जाड साय. ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्लं. चव छान लागली, त्याचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या खिडकीशी लंगोट उजेडात धरला. पिवळ्या शीमध्ये लाल धागा, केसाएवढा. आधी सुटल्यासारखं वाटलं, की मी उगाच उपास करत नव्हते. मग बाळाकडं बघवेना. त्या सकाळचं बरोबर की चूक, अजून मला ठरवता येत नाही.

लग्नाआधीची मी म्हणाली असती, हे सगळं आजकालचं फॅड, आपल्या आज्या काय खात नव्हत्या? तिला आज म्हणेन, तेव्हाही रक्त पडलं असेल, त्याला उष्णता म्हणून सोडून देत असतील. तिला पटेल असं नाही. मलाही रोज पटतं असं नाही. दुसऱ्यांच्या ताटात बासुंदी बघून चिडचिड होते.

पण माझं बघून कुणी गहू, अंडी, शेंगदाणे, डाळी एकदम सोडू नका. शेजारची एक जण तसं करून पार वाळली होती. मी फक्त दूध सोडलं, तेही सांगितल्यावर. नाचणीची भाकरी, तीळ आणि कॅल्शियमची गोळी रोज घेते.

बहुतेक मुलांना वर्षभरात सोसायला लागतं, म्हणतात. तेव्हा डॉक्टरांना विचारून बघू. तोवर येताना कुंदा आणू नका. करदंटही तुपातलाच असतो. बिनतुपाचा तिळगूळ चालेल.