याच्यात आणखी रंग आहेत का?

जूनचा पहिला आठवडा. पाऊस अजून वलसाडलाही पोचला नव्हता आणि बडोदं तव्यासारखं तापलं होतं. अशा दुपारी शहाण्या माणसानं पंख्याखाली आडवं व्हावं. मी अंगणातल्या राजापुरी आंब्याखाली स्टुलावर चढून, चष्मा कपाळावर सारून, एका फुलाची उलटी बाजू बघत होतो.

फूल व्हॅन्डाचं, म्हणजे झाडाच्या अंगावर वाढणाऱ्या एका ऑर्किडचं. पुढून हिरवट पिवळ्यावर तपकिरी चौकडी, कडा झालरीसारख्या लहरत्या, मधोमध बोटासारखी एक निळी पाकळी, तिला ओठ म्हणतात. पाठ मात्र पांढरी, कोरी. आणि लक्षात आलं, की कुठलीही गोष्ट अशी उलटून बघायची सवय मुळात माझी नाही, आईची.

मंगळबजारातलं साड्यांचं दुकान. पांढरी गादी, लोडाला टेकलेला आठ वर्षांचा मी, हातात संपत आलेली गोल्ड स्पॉटची बाटली. आई पातळाचं टोक दोन बोटांत धरून उलटं करायची, पाठीवर रंग कसा उतरलाय ते बघायची आणि मग तो ठरलेला प्रश्न यायचा : “आमां बीजा कलर छे?” साताऱ्याहून लग्न होऊन आलेली ती. तिच्या गुजरातीला शेवटपर्यंत मराठी काठ राहिला. “छे ने, बेन!” म्हणत दुकानदार पुढ्यात ढीग ओतायचा. तीच चौकडी, तेच काठ, फक्त रंग वेगळे. पारवा, अंजिरी, शेवाळी, चिंतामणी. एकदा तिला कोनफळी हवा होता. आता कोनफळी गुजरातीत कसं सांगायचं? क्षणभर थांबून म्हणाली, “पेलो उंधियामां कंद होय ने, एवो.” त्यानं मागं वळून बरोब्बर तेच पातळ काढलं. मला त्या दोघांबद्दल फार आदर वाटला होता.

एवढं करून शेवटी ती मला विचारायची, “कुठला घेऊ रे?” मला घरी जायचं असायचं. मी म्हणायचो, “पहिला.” आणि ती पहिलाच घ्यायची.

तर माझ्याकडे या एकाच जातीचे तीन रंग आहेत. निळ्या ओठाचा हा पहिला. रस्ता रुंद करताना पाडलेल्या आंब्याच्या फांदीला चिकटलेला मिळाला. फांदीसकट घरी आणून सुतळीनं राजापुरीला बांधला. दोन वर्षं तो माझ्यावर रुसून होता. पानांची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची, म्हणून मी पहिल्या पावसाळ्यात झाडाखाली खरोखरीचा पिंजरा लावला होता. उंदीर नाही सापडला. पुढे कळलं, की या पानांची टोकं जन्मतःच तशी दातेरी असतात. बायको अजून पाहुण्यांना सांगते.

दुसरा छोटाउदेपूरकडच्या एका मित्राच्या शेतातला. वादळात महुडा, म्हणजे आपला मोह, पडला, त्याच्या खांद्यावर हा होता. याचा ओठ कोनफळी. अगदी उंधियातल्या कंदाचा. तिसरा नर्सरीतून घेतला, फूल नसताना, नुसतं रोप बघून. हे सोडतीचं तिकीट. कारण एका शेंगेतलं बी धुळीसारखं बारीक, अगणित, आणि त्यातलं कुठलं कुठला रंग काढील याचा भरवसा नाही. एकदा फुललं, की मात्र ते झाड आपला रंग सोडत नाही. उन्हानं फार तर गडद-फिका होईल, एवढंच. माझं तिकीट गेल्या वर्षी लागलं. चौकडीचा मागमूस नाही, लिंबासारख्या पिवळ्या पाकळ्या आणि पांढरा ओठ.

कुंडी नाही, माती नाही, कौतुकही फारसं नाही. मुळं वाऱ्यावर सोडलेली. कोरडी असली की चंदेरी, आणि पाण्याचा फवारा बसला की डोळ्यांदेखत हिरवी होतात. मे महिन्यात मी रोज सकाळी हा खेळ करतो. पावसाळ्यात झाड आणि आभाळ आपसांत बघून घेतात. आंब्याला याचा काही त्रास नाही. हे बांडगूळ नव्हे, नुसतं टेकायला जागा घेतं. तरी व्हॅन्डा हे नाव ज्या संस्कृत ‘वंदा’वरून आलं, तो शब्द बांडगुळालाही लावतात. कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सनं तो उचलला आणि त्याचं हे टिपण 1795 मध्ये, तो गेल्यानंतर छापून आलं. या जातीच्या शास्त्रीय नावातलं पुढचं ‘टेसेलाटा’ त्याच साली रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलेल्या नावातलं. म्हणजे चौकटीचौकटींच्या फरशीसारखा. साहेबाला फरशी दिसली. त्याच्या आईनं त्याला पातळं घ्यायला नेलं नसावं.

शेजारच्या काकांनी कंपाउंडवरून विचारलं होतं, “आ शुं बांध्युं छे?” म्हटलं, “व्हॅन्डा.” काका म्हणाले, “कंई वांधो नहीं.”

परवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर आईला झाडाखाली खुर्ची टाकून दिली. ती आता चौऱ्याऐंशीची. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं, डावा डोळा व्हायचा आहे. यंदा तिन्ही झाडं एकदम फुलली आहेत. निळ्यापाशी तिनं मान हलवली. कोनफळी तिनं माझ्याआधी ओळखला. मग मी पांढऱ्या ओठाचा तुरा हलकेच खाली वाकवून धरला. तिनं काळा चष्मा वर केला आणि दोन बोटांनी फूल उलटं केलं. पाठ बघितली. सरळ केलं. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून.

“याच्यात दोन रंग आहेत,” ती म्हणाली. “असं बघितलं की पांढरा. आणि असं बघितलं की मोतिया.”

मी हसलो. ती हसली नाही. पुन्हा एकदा आळीपाळीनं डोळे मिटून बघितलं आणि म्हणाली, “यातला खरा कुठला रे?”

“पहिला,” मी म्हणालो.

तिनं आधी कुठला डोळा मिटला होता, ते माझ्या लक्षात नव्हतं.