बांबू तोडूनही जंगल राहतं?

गडचिरोलीचं नाव काढलं की शहरातली मंडळी मला हमखास विचारतात, जंगल राखायचं की लोकांच्या हाताला काम द्यायचं? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मी आधी धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं उदाहरण देतो.

गोंडांचं लहानसं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. भोवतालचा बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याला जायचा. गावाला मजुरी आणि निस्तार, म्हणजे घरच्या गरजेपुरता बांबू-लाकूड. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याकडे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू तेव्हा झाड, म्हणजे वनखात्याचा; २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज, म्हणजे गावाने काढून विकायचा! अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: पैसा दिसल्यावर गाव जंगल साफ करणार नाही कशावरून? त्यासाठी रांजी, म्हणजे बांबूचं बेट, बघावी लागते. पावसाळ्यात तिच्यातून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, फुटतात. ते राखले, आधाराला थोडे जुने बांबू ठेवले आणि पिकलेले तेवढे काढले, तर तीन-चार वर्षांत तीच रांजी पुन्हा तोडणीला येते. सरसकट भादरली तर खचते. ठेकेदाराला हे कळत नाही असं नाही. त्याला त्या रांजीकडे परत यायचं नसतं. गावाला यायचंच असतं.

पण हे उत्तर घेऊन सुरजागडला जाऊ नका. एटापल्ली तालुक्यातल्या त्या ठाकुरदेवाच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि ते पुन्हा फुटत नाही. तिथे कुणी ‘समतोल साधू’ म्हणालं की मी सावध होतो. खाणीतला रोजगार खरा आहे, तिथल्या पोराला ‘नोकरी करू नकोस’ म्हणायचा मला काय अधिकार? मात्र खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी विचारतो: दरवर्षी किती टन काढणार, किती वर्षं, नाल्यात उतरणाऱ्या लाल गाळाचं काय, आणि खनिज संपल्यावर या पोरांनी कुठे जायचं? हे सगळं ग्रामसभेपुढे, तिथल्या लोकांच्या माडिया भाषेत, तिचा होकार मागण्याआधी मांडलंत का?